घाटात पिकअप तापते, मिस्त्री म्हणतो हेड खोला

प्रश्न: माझी २०११ ची अडीच लिटर डिझेल पिकअप आहे, चालून अडीच लाखाच्या वर. साखरप्याहून आंबा घाटाने कोल्हापूरला माल नेतो. सपाटीला काटा मध्यावर असतो, पण माल भरून घाट चढताना तो लालला टेकायला येतो. वर पोहोचून गाडी बंद केली की पाण्याच्या बाटलीतून पाणी उसळून बाहेर येतं. रिकामी येताना घाट उतरताना काटा अगदी खाली जातो. दोन दिवसाला लिटरभर विहिरीचं पाणी घालावं लागतं, आतलं पाणी तांबडं झालंय. एका मिस्त्रीने थर्मोस्टॅट वॉल काढून टाकला, रेडिएटरची कॅपही बदलली, फरक पडला नाही. आता दुसरा म्हणतो, हेड गॅस्केट गेलंय, चाळीस हजार धरून चला. काय करू?

उत्तर: चाळीस हजार सध्या खिशातच ठेवा. हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलेलं असूही शकतं, पण तुम्ही लिहिलेली एकही खूण फक्त त्याचीच नाही. तुंबलेला रेडिएटर, सुस्त पडलेला फॅन आणि चुकीची कॅप हे तिघं मिळूनही हाच प्रकार होतो आणि जुन्या पिकअपात तेच जास्त दिसतं. हेड उघडण्याआधी पाणी बाहेर ठिबकतंय, उकळून जातंय की इंजिनच्या पोटात जातंय, एवढं ठरवायचं आहे. त्याला दोन सकाळी आणि एक घाट पुरतो.

आधी काटा खरा बोलतोय का ते बघा. हजार-दीड हजारात इन्फ्रारेड थर्मामीटर मिळतो. थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्यावर नेम धरा; चकचकीत अॅल्युमिनियमवर हे यंत्र चुकीचं, बहुतेक वेळा कमी तापमान दाखवतं. नीट इंजिन ८५ ते ९५ अंशांत चालतं. घाटात थोडा वेळ १०० च्या आसपास गेलं तर घाबरू नका, १०५ च्या वर राहिलं तर थांबा. आणखी एक धोका: पाणी फार कमी झालं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि काटा अचानक खाली येतो. "गाडी थंड झाली" म्हणून ड्रायव्हर पुढे रेटतो आणि हेड वाकतं.

काढलेला थर्मोस्टॅट वॉल परत बसवा. तो पाणी अडवतो म्हणून काढला की गाडी गार राहील, हा आपल्याकडच्या गॅरेजांतला जुना समज आहे. बऱ्याच डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन कामं असतात. गरम झाल्यावर तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी बायपासची वाट बंद करतो. तो नसला की बायपास कायम उघडा राहतो आणि बरंचसं पाणी रेडिएटरला वळसा घालून गरम गरमच इंजिनात परत जातं. घाटात नेमकं तेच महागात पडतं. उतारावर तुमचा काटा तळाला जातो तेही वॉल नसल्यामुळेच. असं गार इंजिन डिझेल जास्त पितं, ऑइलही लवकर काळं करतं. नवा वॉल घेताना जुन्यावरचा आकडा जुळवा, बहुधा ८२ असेल. बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीने टांगा, तळाला टेकू देऊ नका, आणि थर्मामीटर धरून पाणी तापवा. ८२ च्या आसपास उघडायला लागून ९५ पर्यंत ८-१० मिलिमीटर उघडला तर माल चांगला. बसवताना स्प्रिंग इंजिनच्या बाजूला आणि हवा सुटायचं बारीक भोक वर.

आता कॅप. नवी घातली हे ठीक, पण कोणत्या आकड्याची? झाकणावर ०.९ किंवा १.१ असं छापलेलं असतं, तो बारमधला दाब. साधं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशाला उकळतं, ०.९ बार दाबाखाली सुमारे ११८-११९ ला. कॅप दाब धरत नसेल तर ही सगळी गुंजाइश गेली आणि चढावर पाणी उकळणारच. म्हणून आकडा पुस्तिकेशी जुळवा. जास्त आकड्याची कॅप "जास्त चांगली" म्हणून लावू नका. जुन्या होजना (रबरी पाइपांना) आणि प्लॅस्टिकच्या टाकीला ती फाडते.

कॅपमध्ये उलट्या दिशेने उघडणारी दुसरी छोटी झडप असते. इंजिन गार झालं की तिच्यातून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. रात्री बाटलीवर मार्करने खूण करा, सकाळी बघा. पातळी उतरली तर कॅप आणि बारीक नळी ठीक. पाणी तिथेच आणि रेडिएटर मात्र वरून रिकामा, तर झडप अडकली आहे किंवा त्या नळीला चीर आहे व ती हवा ओढते. सकाळी वरचा होज चपटा पडलेला दिसला तर झडपेबद्दल शंकाच नको. ही चूक असताना रोज पाणी बाहेर जातं आणि परत येत नाही. तुमचं दोन दिवसाला लिटर एवढ्यानेसुद्धा जाऊ शकतं.

सकाळच्या तपासणीसाठी इंजिन पूर्ण गार हवं. बाटलीवर विसंबू नका, कॅप काढून रेडिएटरच्या गळ्यात बघा. गाडीखाली रात्री पुठ्ठा पसरा. पण गरम भागावरचा थेंब जमिनीपर्यंत येतच नाही, वाटेतच वाळतो आणि पांढरा किंवा तांबूस ओघळ ठेवून जातो. असे ओघळ चार ठिकाणी शोधा: वॉटर पंपाच्या पोटाखालचं भोक (तिथून ओल म्हणजे पंपाचं सील गेलं), होजांची टोकं, रेडिएटरची टाकी आणि जाळी जिथे पट्टीने दाबून जोडली आहे ती कड, आणि ब्लॉकच्या बाजूचे गोल पत्र्याचे कोअर प्लग. वर्षानुवर्षं साधं पाणी चाललेल्या इंजिनात हे प्लग आतून गंजून पाझरतात. केबिनमध्ये हीटर असेल तर पायाखालची चटई हाताने चाचपा. गॅरेजमध्ये दाब तपासायचा हातपंप असेल तर फारच छान. कॅपवर जेवढा आकडा तेवढाच दाब भरा आणि १५ मिनिटं काटा बघा. दाब उतरला आणि बाहेर कुठेच थेंब नाही, तरच संशय पोटात जाईल.

मग हवा. अशा पिकअपांत इंजिन लांबीत बसवलेलं असतं आणि फॅन सहसा पट्ट्यावर फिरतो, पुष्कळदा मधे व्हिस्कस कपलिंग असतं. त्यातलं सिलिकॉन तेल गळालं की फॅन फिरताना दिसतो, पण वारा ओढत नाही. इंजिन बंद आणि गार असताना पाती हाताने फिरवा. जड लागून लगेच थांबायला हवीत. सायकलच्या चाकासारखी गरगरली, कपलिंगवर तेलकट धुळीच्या रेघा दिसल्या किंवा पाती मागेपुढे हलली, तर कपलिंग संपलं. चढावर इंजिन खरंच गरम झालं की या फॅनचा विमानासारखा घोंगाट ऐकू येतो. तुम्हाला घाटात तो आवाज शेवटचा कधी ऐकू आला ते आठवा.

फॅनभोवतीचा प्लॅस्टिकचा घेर जागेवर आहे का? पंप बदलताना तो काढतात, क्लिपा तुटतात आणि घेर कोपऱ्यात पडून राहतो. त्याच्याशिवाय फॅन जाळीतून हवा ओढायच्याऐवजी बाजूची गरम हवाच घुसळत बसतो. सपाटीला ६०-७० च्या वेगात समोरून वारा येतो म्हणून कळत नाही, घाटात २० च्या वेगाने चढताना कळतं. पट्टा अंगठ्याने दाबून बघा, लांब बाजूला १०-१२ मिलिमीटर दबला पाहिजे. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल तर तो घसरतो, बदला. आणि समोरच्या जाळीवर देवाच्या नावाची पाटी, झालर, चार जादा दिवे असं काही असेल तर ते तिथून काढून टपावर न्या. देवाला टपावर जागा जास्त मोठी आहे आणि रेडिएटरला हवा मिळेल.

जाळीत साचलेली लाल धूळ, पेंढा, किडे पाण्याने धुवा, पण इंजिनच्या बाजूने पुढे, म्हणजे हवेच्या उलट दिशेने, आणि साध्या नळीने. वॉशिंग सेंटरच्या दाबाने पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच बंद होते. एसी असेल तर त्याची जाळी पुढे असते. दोन्हींच्या मधे वाळक्या पानांची उशी असते, बॅटरी मारून बघा.

आमचा सगळ्यात मोठा संशय मात्र रेडिएटरच्या आत आहे, आणि त्याला कारण तुमचं तांबडं पाणी. तो गंज म्हणजे तुमच्या ब्लॉकचं बीड (ओतीव लोखंड). ते सुटून रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत बसतं. विहिरीच्या पाण्याने वर क्षाराचा थर चढतो, आणि कोणी गळती थांबवायला हळद किंवा लीक-स्टॉपची पावडर टाकली असेल तर ती चिरेत जायच्या आधी नळ्यांतच साचते. (हळद भाजीत घाला.) एक तृतीयांश नळ्या बंद झाल्या तरी सपाटीला काही जाणवत नाही, कारण तिथे इंजिन निम्मी ताकदही वापरत नाही. चढावर पूर्ण भार आला की उरलेल्या नळ्या अपुऱ्या पडतात.

हे घाटातच तपासा. काटा चढला की सुरक्षित जागी गाडी घ्या, इंजिन चालू राहू द्या. वरचा होज पोळतोय आणि खालचा जेमतेम कोमट, तर पाणी रेडिएटरमधून फिरतच नाही: रेडिएटर तुंबलाय किंवा पंपाचं पातं खाल्लं गेलंय. दोन्ही होज सारखेच कडकडीत, तर पाणी फिरतंय पण गार होत नाही, म्हणजे गुन्हेगार हवा. थर्मामीटरने फॅनपासून हात लांब ठेवून जाळीवर पट्ट्या-पट्ट्यांनी नेम धरा. मधेच एखादा पट्टा शेजाऱ्यापेक्षा २०-२५ अंश गार लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. आणखी एक गोष्ट मदतनिसाला अॅक्सिलरेटर दाबायला सांगून बघा. इंजिन जोरात फिरवल्यावर खालचा होज आत ओढला जाऊन चपटा होतो का? त्याच्या आत स्प्रिंग असायला हवी. ती गंजून गेली असेल तर पंप स्वतःचाच गळा आवळतो, आणि तोही फक्त जास्त फेऱ्यांवर.

तांब्या-पितळेचा रेडिएटर असेल तर टाकी सोडवून नळ्यांत सळी घालून रॉडिंग करता येतं. प्लॅस्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर रॉडिंग होत नाही. तो तुंबला असेल तर नवाच घ्या, दोन महिन्यांची डागडुजी परवडत नाही.

हेड गॅस्केटचा निकाल असा लावा. सकाळी गार इंजिनची कॅप काढा, पाणी गळ्यापर्यंत भरा आणि गाडी चालू करा. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात, ते थांबतात. तीन-चार मिनिटांनंतरही, पाणी कोमट व्हायच्या आत, उकळी फुटल्यासारखे एका लयीत बुडबुडे येत राहिले आणि अॅक्सिलरेटर दाबल्यावर वाढले, तर सिलिंडरचा वायू पाण्यात शिरतोय. दुसरी खूण: कॅप लावून गार इंजिन चालू केल्यावर एक-दोन मिनिटांतच वरचा होज दगडासारखा टणक होणं. पाणी अजून तापलेलं नसताना दाब आला कुठून? तिसरी: रात्रभर गार झालेल्या गाडीची कॅप सकाळी उघडताना फुस्स आवाज. खात्री हवी असेल तर गॅरेजमध्ये निळ्या द्रवाची गॅस-तपासणी करून घ्या. रेडिएटरच्या गळ्यातली हवा त्यातून ओढतात, जळलेला वायू असेल तर रंग पालटतो. ही तपासणी भार दिल्यानंतर, म्हणजे चढ चढून आल्यावर करा. किरकोळ गळती रिकाम्या इंजिनवर लपते.

ऑइलची पट्टी आणि भरायचं झाकण बघाच, पण घाईने निष्कर्ष नको. पावसाळ्यात, जवळच्या फेऱ्यांत झाकणाच्या आत पांढरा फेस धरतो, ती हवेतली ओल असते. पट्टीवरचं ऑइलच दुधाच्या चहासारखं झालं किंवा पातळी वाढली, तर मात्र गाडी चालू करू नका. ऑइल बेअरिंगला पोचत नाही आणि चाळीस हजाराचे लाख होतात. बुडबुडे नाहीत, बाहेर गळती नाही, तरीही पाणी जातं आणि सकाळी पांढरा धूर रेंगाळतो, अशा वेळी गाडीला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर पाण्याने गार करणारा भाग) असेल तर तोही तपासायला सांगा. तो आतून फुटला की लोक उगाच हेड उतरवतात.

आणि खरंच हेड खोलावं लागलं तर "गॅस्केट टाकून द्या" एवढ्यावर सोडू नका. हेड सरळ पट्टी आणि फीलर गेजने मोजून घ्या, साधारण ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या वर वाक असेल तर नुसतं नवं गॅस्केट टिकणार नाही. चिरेसाठी दाबाची तपासणी मागा. डिझेलमध्ये गॅस्केट वेगवेगळ्या जाडीची येतात, कडेच्या खाचा किंवा भोकांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो त्यावर जाडी ठरते. बोल्ट ताणाचे (आवळताना ताणले जाणारे, एकदाच वापरायचे) असतील तर नवेच, आणि टॉर्क रेंचने क्रमाने आवळायचे.

बुडबुडे आले नाहीत असं धरून पुढचं सांगतो. जुनं पाणी गार इंजिनवर काढा: रेडिएटरचा कॉक आणि ब्लॉकचा प्लग, दोन्ही. हीटर असेल तर त्याची मूठ गरमवर ठेवा. निघालेलं पाणी बादलीत मोजा. थर्मोस्टॅट काढलेलाच आहे तोवर बागेच्या नळीने रेडिएटर आणि ब्लॉक उलट दिशेने धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. मग वॉल बसवून भरायला घ्या. बाजारात दोन प्रकारचं कूलंट मिळतं, तयार आणि दाट. तयारमध्ये पाणी घालायचं नसतं. दाट असेल तर निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे ९ लिटरची यंत्रणा असेल तर साडेचार-साडेचार. इथे एक गोम आहे. धुतल्यावर ब्लॉकमध्ये एक-दोन लिटर साधं पाणी उरतंच, म्हणून आधी साडेचार लिटर दाट कूलंट पूर्ण ओता आणि उरलेल्या जागेत डिस्टिल्ड घाला, नाहीतर मिश्रण पातळ होतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा ४० टक्केही चालतं. ३० च्या खाली गंजरोधक पुरत नाही. रंगावरून प्रकार ठरवू नका, डब्यावरचं वाचा, आणि दोन प्रकार मिसळू नका. त्याचा चिकट गाळ होतो.

"साधं पाणीच जास्त गार करतं" असं मिस्त्री म्हणेल. अर्धं खरं आहे. पाणी उष्णता कूलंटपेक्षा जास्त उचलतं. पण लवकर उकळतं आणि ब्लॉक गंजवतं, आणि तुमच्या गाडीला सध्या त्या दोन्हींचाच त्रास आहे.

भरल्यावर हवा धरते. गाडीचं तोंड चढाला करा, कॅप उघडी ठेवून इंजिन चालू करा, वरचा होज हाताने दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा भरा आणि कॅप लावा. पुढच्या दोन सकाळी अर्धा-पाऊण लिटर पुन्हा घ्यायला लागलं तर गळती समजू नका, ती हवा निघते आहे. काढलेलं कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि शेळ्या चाटतात.

घाटात चालवण्याचंही बघा. भरलेली गाडी तिसऱ्यात घुमवत, कण्हत चढवली तर उष्णता जास्तीत जास्त आणि फॅन, पंप मात्र संथ. दुसऱ्यात २००० ते २४०० फेऱ्यांवर ठेवा. आरपीएमचा काटा नसेल तर कानाने: अॅक्सिलरेटर थोडा दाबल्यावर गाडीने लगेच उचल घेतली पाहिजे. आरसीत लिहिलेल्या वजनाच्या वर माल असेल तर नवा रेडिएटरही रडेल. काटा चढायला लागताच एसी बंद, हीटर आणि त्याचा पंखा पूर्ण. मे महिन्यात हे ऐकायला क्रूर आहे, पण हीटर म्हणजे छोटा रेडिएटरच.

वर पोहोचल्यावर लगेच चावी फिरवता, म्हणून पाणी उसळतं. पंप थांबतो, पण हेडच्या धातूतली उष्णता पाण्यात उतरतच राहते. पाणी शाबूत आणि पट्टा फिरत असेल तर दोन-तीन मिनिटं इंजिन जरा वाढवलेल्या फेऱ्यांवर चालू द्या आणि मग बंद करा. पट्टा तुटला असेल किंवा वाफ सुटली असेल तर मात्र ताबडतोब बंद. कॅपला पाऊण तास हात लावू नका, नंतरही जाड फडकं धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, दाब जाऊ द्या. तापलेल्या इंजिनात झऱ्याचं गार पाणी एकदम ओतलं तर हेडला चीर जाते.

बुडबुड्यांचा निकाल, घाटात दोन्ही होज कसे लागले आणि बाटलीवरची सकाळची खूण, एवढं लिहून पाठवा. कॅपवरचा आकडाही कळवा.